बहिऱ्या मांजराची खिडकी

मावशीच्या घराला पुढं दोन दारं होती, एकामागं एक. मधे एक माणूस चपला काढून उभं राहील एवढीच जागा. बाहेरचं दार लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, हा त्या घराचा नियम. गॅसवाला असो, पोस्टमन असो, लग्नाची पत्रिका घेऊन आलेली माणसं असोत. मावशी आतून विचारायची, "मागलं लागलं का?" लागलं म्हणून सांगितलं तरी तिला पटायचं नाही. "कडी वाजव." कडी वाजली की मगच आतून हालचाल.

एकदा निवडणुकीच्या वेळी उमेदवार आला, बरोबर दोन कार्यकर्ते. तिघंही त्या सांदीत अंगाला अंग लावून उभे. त्यातल्या एकाचा हार दारात अडकला, म्हणून बाहेरचं दार काही लागेना, आणि मावशी काही आतलं उघडेना. शेवटी उमेदवार घामाघूम होऊन म्हणाला, "मावशी, आमी मत मागायला आलोय, चोरी कराया न्हाई."

"मत देते," मावशी आतून म्हणाली. "दार लावा."

तिचं सगळं आयुष्य फाटकावर गेलं होतं. नवरा रेल्वेत गेटमन होता. तो गेल्यावर त्याच्या जागी ती लागली. मळवलीच्या पुढं रुळाला गावरस्ता आडवा जायचा, तिथं तिची गुमटी, म्हणजे गेटमनची खोली. स्टेशनातून फोन यायचा, ती फाटक लावायची, आणि फाटक लागल्याचं कळल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळायचा नाही. पुढं तिथं पूल झाला, फाटक गेलं, मावशी निवृत्त झाली. पण ती पद्धत तिच्या अंगातून गेली नाही. तीच तिनं घराला लावली. कशासाठी, तर एका मांजरीसाठी.

मांजरीचं नाव तानी. पांढरी शुभ्र, डोळे निळे. आमच्या किनवटकडं मी असलं मांजर कधी बघितलं नव्हतं. शनिवार-रविवारी बंगल्यावर येणाऱ्या कुणा कुटुंबाची ती होती. एका सोमवारी कुटुंब गेलं, मांजर राहिलं. पुढच्या शनिवारी बंगल्यात दुसरीच माणसं आली. मावशी सांगायची, "रुळाच्या कडंला दगडावर बसलीती. मालगाडी आली, भोंगा वाजवीत. कुत्री पळाली, कावळं उडालं, आन् ही बया पाय चाटीत बसलेली. आवं, माझ्या उभ्या जल्मात भोंग्याला मान न वळवनारं जनावर मी बघितलं नव्हतं." तिनं तशीच उचलून पदरात घेतली. तळेगावच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पांढरं अंग आणि निळे डोळे असले की पुष्कळदा जन्मापासून बहिरं असतं. हिला बाहेर सोडू नका. एका बाजूला रूळ, दुसऱ्या बाजूला रस्ता, आणि रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या, कुत्री.

डॉक्टर सांगून मोकळे झाले. तानीला ते कोण सांगणार?

ती दाराशी बसून ओरडायची. उन्हं कलली, पाखरं परतायला लागली की सुरू. बहिऱ्या मांजराचं ओरडणं ज्यांनी ऐकलं नाही त्यांना ते सांगून कळायचं नाही. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळं त्याला मर्यादाच नव्हती. लहान मूल हरवल्यासारखा तो आवाज. रस्त्यानं जाणाऱ्या बायका थांबून विचारायच्या, "मावशे, घरात कोन रडतंय?"

"माझी सवत," मावशी म्हणायची.

मी त्या घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहिले. सातवीनंतर माझी शाळा सुटली, त्यानंतर घरी बसून काय काय झालं ते इथं सांगण्यासारखं नाही. मामेबहिणीच्या ओळखीनं लोणावळ्यात चिक्की पॅक करायचं काम मिळालं आणि मी एवढ्या लांब आले. खोली बघायला गेले तेव्हा त्या दोन दारांच्या मधे उभी राहिले. मला घाबरायची सवय आहे. गॅस बंद केला तरी परत जाऊन बघते. त्या दिवशी मी बाहेरचं दार लावलं, कडी घातली, कडी ओढून बघितली, परत ओढून बघितली. आतल्या दाराच्या फटीतून मावशी बघत होती हे मला माहीत नव्हतं. आत गेल्यावर तिनं ना जात विचारली, ना नवरा कुठं आहे ते विचारलं. "कवा येतीस राहायला?" एवढंच.

पुढं कधीतरी मी तिला विचारलं, "मावशी, तुम्ही मला ओळखत नव्हतात, खोली कशी काय दिलीत?"

"तू भित्री हायेस म्हनून," ती म्हणाली. "धीट मानूस दार उघडं टाकून जातं."

माझ्या भित्रेपणाचं कुणी चीज केलं असेल तर तिनं. घरी त्यावरून मी फार बोलणी खाल्ली होती.

आमच्या बोलीवरून ती मला चिडवायची. मी विचारलं, "काय करायलात मावशी?" की ती म्हणायची, "करायलात! आगं, करायला लागलात म्हन, न्हाईतर करताय म्हन. निम्मंच शब्द गिळतीस, म्हनून अंगाला लागत न्हाई." आल्यावर पहिल्याच थंडीत मी तापानं पडले. खंडाळ्याच्या घाटावरून येणारा तो गारठा मला माहीत नव्हता. तेव्हा तिनं मला तिच्या खाटेवर झोपवलं, आपण खाली झोपली, आणि इंद्रायणी तांदळाची पेज चमच्यानं पाजली. मी रडायला लागले तर म्हणाली, "रडू नगं. त्या तानीला वाटंल तिची पाळी हिनं घेतली."

मांजर घरात ठेवायचं म्हणजे दार लावायचं, एवढंच मला वाटायचं. मावशीच्या मते दार लावणं हे काम नव्हतंच, खरं काम त्यानंतर सुरू व्हायचं. "तिला भायेर जाता येत न्हाई ना? मंग भायेर आत आनायचं." आणि ती खरोखर आणायची. सकाळी फिरायला गेली की परतताना खांद्यावर पोतं. कधी जांभळाखालचा पालापाचोळा, कधी भाताच्या खाचरातलं गवतासकट ढेकूळ, कधी कुणाच्या गोठ्यातला म्हशीखालचा पेंढा, कधी नदीकाठचा शेवाळलेला दगड. ते सगळं खोलीच्या मधोमध ओतायचं. तानी नाक खुपसून त्यात तासभर हरवलेली असायची. वास घ्यायची, लोळायची, पाल्यातला एखादा किडा काढून बसायची. संध्याकाळी मावशी ते सगळं झाडून काढायची. शेजारणी म्हणायच्या, "मावशे, घर हाय का खळं?"

"खळंच हाय. मळनी चालू हाय."

खाणंही ती ताटलीत द्यायची नाही. सुकटीचे तुकडे अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये, पायलीच्या खाली, खाटेच्या दोरीत, जुन्या चपलेत. "शिकारीबिगर घास न्हाई." आणि घासाच्या आधी खेळ. कोंबड्याचं पीस सुतळीला बांधून ती खाटेभोवती ओढत फिरायची. गुडघे दुखायचे, दम लागायचा, तरी शेवटी पीस तानीच्या पंजात पडलंच पाहिजे. एकदा मी ओढत होते, मला मजा वाटली आणि मी काही पीस पकडू दिलं नाही. मावशी मला खरंच रागावली. "हरवायचं न्हाई जनावराला. हारलं की त्ये मागत न्हाई."

आणि सामान. पौर्णिमेला मावशी विहारात जायची आणि अमावस्येला घरातलं सामान हलवायची. अमावस्येलाच का, तर म्हणे, "त्या दिशी कोन येत न्हाई, निवांत काम व्हतं." खाट खिडकीपासून उचलून भिंतीला, ट्रंक चुलीकडं, मांडणी दारामागं, शिडी मधेच उभी. "आपुन बाजारला जातो, जत्रंला जातो. तिला कोन नेनार? मंग तिचं गावच हलवायचं." मी कामावरून दमून यायची, पाण्याचा हंडा जिथं असायचा तिथं हात घालायची, तर तिथं तांदळाची कणगी. तिचा भाचा टेंपो चालवायचा आणि येता-जाता मावशीकडं डोकवायचा. तो एकदा अंधारातच बोलत बोलत खाटेवर बसायला गेला. खाट तिथं नव्हती.

"मावशे, एक दिवस माजी कंबर मोडनार हाय!" तो खालूनच ओरडला.

"मोड. तानीला तेवढंच नवं बघाया."

भाचा जीव लावणारा होता. त्याची आई, म्हणजे मावशीची बहीण, लवकर गेली होती, मावशीनंच त्याला वाढवलं होतं. तो कुरकुर करायचा आणि सामानाचं दुसरं टोक उचलायचा.

तानीला बोलावायचं तर मावशी जमिनीवर दोनदा पाय आपटायची. हाक ऐकू येत नसली तरी जमिनीचा हादरा कळायचा. मागून हात लावायचा नाही, समोर जायचं. हे सगळं मी शिकले. आजही कुणाला मागून हाक मारताना मी जरा पुढं जाऊन मारते.

इतकं करूनही ती ओरडायचीच. मला वाटायचं, मावशीला वाईट वाटत असेल. एकदा म्हणाले, "इतकं करता तुम्ही, तरी ही खूश नाही."

"खूश ठिवायची कुनी म्हनलं?" मावशी म्हणाली. "गुतवून ठिवायची. वरडतीया म्हंजी तिला आजून कायतरी पायजेल हाय. पायजेल असलेलं बरं."

एका उन्हाळ्यात तिनं आणखी एक प्रयोग केला. तिच्याकडं जुन्या लाल-हिरव्या झेंड्यांचं कापड पडलेलं होतं. ते कापून तिनं तानीच्या अंगात बसेल असा पट्टा शिवला आणि त्याला दोरी लावली. दुपारी रस्त्याला कुणी नसताना तानीला घेऊन ती अंगणात बसली. पण गावात कुणी नसणं कधी खरं असतं का? पोरं जमली. एक म्हातारा सायकल थांबवून म्हणाला, "लाल बी आन् हिरवं बी? मावशे, त्या मांजरानं थांबायचं का जायचं?"

तानी आधी मातीत पोट टेकून बसली. मग एक पाय पुढं. मग गवताचं पातं हुंगलं. मावशीचा चेहरा मी तेव्हा बघितला. ती श्वास धरून बसली होती. आणि मालगाडी आली. भोंग्याचं तानीला काहीच नव्हतं, पण जमीन थरथरली. ती थरथर चारही पायांतून तिच्यात शिरली असावी. ती चपटी झाली आणि दुसऱ्या क्षणी मावशीच्या अंगावरून डोक्यावर. मावशीच्या मानेवर नखांचे लाल ओरखडे उठले, पोरं हसून लोळली.

एवढी घाबरली म्हणजे बाहेरचा नाद सुटला असेल, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला तानी दाराशी उभी राहून ओरडायला लागली. नेहमीची संध्याकाळची वेळ होतीच, आता दुपारचीही झाली. मावशीनं थोडे दिवस आणखी नेऊन बघितलं. ओरडणं वाढतच गेलं. मग तिनं पट्टा उसवला. "चूक माझी," म्हणाली. "चटक लावली. निम्मं भायेर म्हंजी भायेर न्हवंच."

तेव्हापासून सगळी भिस्त खिडकीवर आली.

ती खिडकी पश्चिमेला होती. बाहेर खाचरं, त्यापलीकडं रूळ, त्यापलीकडं लोहगडाचा डोंगर. आतून बारीक जाळी, जाळीला लागून फळी. तानी दिवसातला बराच वेळ त्या फळीवर असायची. बगळे, म्हशी, लोकल, लोकलमधून उतरणारी माणसं. तिला आवाज नव्हता, पण सगळं हलताना दिसायचं. खिडकीमुळं तिचं ओरडणं पाव तरी कमी व्हायचं, असं मावशीचं म्हणणं.

पण मावळात पश्चिमेची खिडकी चार महिने कुणी उघडी ठेवत नाही. पाऊस तिकडूनच येतो, आणि सरळ नाही, आडवा येतो. मृगाच्या आधी सगळी गावं घरांच्या पश्चिमेच्या भिंती बांधून घेतात. पूर्वी म्हणे कारवीच्या ताट्या नि पेंढा बांधायचे, आता निळी ताडपत्री. जिकडं बघावं तिकडं निळी घरं. आत दिवसाही दिवा लावावा लागतो. मला पहिल्या वर्षी ते बघून धडकी भरली होती. कुणीतरी घरांना गुंडाळून ठेवलंय आणि आता परत उलगडणारच नाही, असं वाटायचं.

त्या पहिल्या वर्षी मावशीनंही खिडकी बांधली होती, सगळ्यांसारखी. तानी आधी ताडपत्रीकडं तोंड करून फळीवर बसून राहिली. मग तिनं पोटावरचे केस चाटून चाटून, ओढून काढले. श्रावण येईपर्यंत पोट गुलाबी उघडं पडलं होतं. पाला आणून ओतला तरी त्याच्याकडं बघेना. मावशीनं ते पोट हातानं चाचपलं. पुढच्या वर्षी भाचा ताडपत्री नि सुतळी घेऊन शिडीवर चढला तेव्हा ती खालून म्हणाली, "सगळं बांध. ती खिडकी सोड."

"मावशे, सगळं पानी आत यील."

"यिऊ दे."

आणि आलं. भिंत ओली, मग हिरवी, मग काळी. मावशीनं खाट कोपऱ्यात सरकवली, तरी अंथरूण दमट. चादरीला बुरशीचा वास. खाली गोणपाट टाकायचं, पिळायचं, परत टाकायचं. मावशीला खोकला लागला. तो पावसाबरोबर जाईल असं वाटलं, तो दिवाळीपर्यंत राहिला. त्याच्या पुढच्या पावसात तो आषाढातच आला. डॉक्टर म्हणाले, छाती खराब झाली आहे, या वयात दमट खोलीत राहू नका, कोरडं राहा. तिनं मान हलवली आणि घरी येऊन गोणपाट पिळलं.

मी म्हणाले, "मावशी, माझी खोली पूर्वेला आहे, पाऊस लागत नाही. तानीला तिथं ठेवा, ही खिडकी बांधून टाका." तिनं करून बघितलं. माझ्या खिडकीतून शेजारच्या घराची भिंत दिसायची आणि भिंतीवरचा मीटर. तानी मीटरकडं थोडा वेळ बघून परत गेली.

पण एक गोष्ट मी रोज बघत होते. पावसात तानी त्या पश्चिमेच्या खिडकीत बसतच नव्हती. फळी ओली. मांजराला ओलं चालतंय का? ती आपली कणगीवर, पोत्यावर, कोरड्या जागी. म्हणजे मावशी जिच्यासाठी भिजत होती ती तिथं जातच नव्हती. मला ते बोलायची भीती वाटत होती. तिच्या घरात राहून तिला शहाणपण शिकवायचं म्हणजे! पण एका संध्याकाळी खोकता खोकता तिचे ओठ निळे पडले, तेव्हा मी बोलले.

"मावशी, रागावू नका. पावसात तानी बसत नाही तिथं. मी रोज बघते. एकदाही बसत नाही."

"मला म्हाईत हाय," मावशी म्हणाली.

"मग?"

"बसंल न बसंल. खिडकी हाय, ह्ये तिला म्हाईत पायजे."

तानी कणगीवर होती. तिनं एकदा खिडकीकडं बघितलं आणि डोळे मिटले. मी सातवी शिकलेली बाई, माझ्या डोक्यात पुष्कळ गोष्टी उशिरा शिरतात, पण ती मात्र लगेच शिरली.

भाच्याच्या डोक्यात ती शिरली नाही, आणि त्याचं चुकत होतं असंही मला म्हणता येत नाही. तो दारात उभा राहून भांडायचा. "मांजरापायी मरशील तू!"

"मरन व्हय. पन मांजरापायी न्हाई, वयापायी."

"मग वय झालंय ह्ये तरी म्हाईत हाय का?"

"तू सांगतोयस की येता-जाता."

तो पाय आपटत निघून जायचा. तानी धावत यायची. तिला वाटायचं, आपल्याला बोलावलं.

त्या पावसात एके सकाळी मावशीला उठताच येईना. भाच्यानं टेंपोत गादी टाकली आणि तिला तळेगावला दवाखान्यात नेलं. निघताना तिनं मला एवढंच सांगितलं, "पाला बदल. वाळका मिळनार न्हाई, पन बदल." मी कामावरून येऊन रोज ओला पाला आणून ओतत होते. तानी त्यात लोळत होती आणि संध्याकाळी ओरडत होती. मी तिच्या शेजारी बसायची. बाकी मला काय येत होतं?

डॉक्टरांनी भाच्याला सांगितलं की म्हातारीला घरी सोडू, पण खोली कोरडी पाहिजे, नाहीतर पुढं आम्ही काही सांगू शकत नाही. तो आला, शिडी लावली आणि खिडकी बांधली. दोन पदरी ताडपत्री, वरून पट्ट्या ठोकल्या. मी खाली उभी होते. तो खाली न बघताच पट्ट्या ठोकत होता. म्हणाला, "ताई, तू बी मला वाईट समज. चालंल." मी शिडी धरली. दुसरं काय करणार? मला मावशी घरी यायला पाहिजे होती.

दवाखान्यात मी गेले तेव्हा तिनं आधी तेच विचारलं. "बांधली का?"

"बांधली, मावशी."

नाकात नळी होती. ती तिनं जरा बाजूला सारली. मग म्हणाली, "त्याचं बी बरोबर हाय. त्याला मावशीच हाय एक."

ती घरी आली. खोली कोरडी होती, भाच्यानं चुन्याचा हात मारला होता, दिवा लावला होता. तिला खाटेवर बसवलं. तानी आली, तिच्या मांडीवर चढली, बसली. संध्याकाळ झाली. दिव्यामुळं कळत नव्हतं, पण पाखरांच्या आवाजावरून कळलं. मावशी वाट बघत होती हे मला समजलं. शेजारच्या घरात भाकरी थापल्याचा आवाज, लांब लोकल थांबल्याचा आवाज. तानी मांडीवर झोपलेली.

"वरडली न्हाई," मावशी म्हणाली.

"आज तुम्ही आलात ना. म्हणून."

"व्हय," ती म्हणाली. पण तिला ते पटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्याही नाही. मावशीनं बसल्या जागेवरून पीस हलवलं. तानीनं ते बघितलं आणि मान दुसरीकडं केली. येणारी-जाणारी माणसं म्हणायची, "बरं झालं बाई, निवलं एकदाचं मांजर. किती शान्यासारखं बसलंय." मावशी त्यांना चहा पाजायची. तिची छाती सुधारत होती असं डॉक्टर म्हणत होते. पण भादव्यात, गौरी उठल्या त्याच्या मागोमाग, ती झोपेतच गेली. खोली कोरडी होती.

भाचा लहान मुलासारखा रडला. नवरात्रात त्यानं ताडपत्री काढली. एकदम ऊन आत आलं, पिकलेल्या भाताचा वास आला. मी तानीला उचलून फळीवर ठेवलं. बाहेर बगळे, म्हशी, लोकल, सगळं जागेवर होतं. ती फळीवरून खाली उतरली आणि ट्रंकेवर जाऊन झोपली.

घर भाच्यानं पर्यटकांना राहायला द्यायचं ठरवलं. त्याचीही पोरंबाळं आहेत. मला म्हणाला, "ताई, मांजर तू घेऊन जा. लय गरीब झालंय आता, काय तरास न्हाई." मी बेगडेवाडीला खोली घेतली, स्टेशनाजवळ, वरच्या मजल्यावर. कामही आता तिकडंच मिळालंय, पॅकिंगचंच. तानी टोपलीतून आली, उतरली, कोपरा बघून बसली. खात होती. केस ओढत नव्हती. ओरडत नव्हती. घरमालकीणबाई म्हणाल्या, "असं मांजर असेल तर हरकत नाही."

मला मात्र त्या गप्प बसण्याची भीती वाटायची. मला माहीत आहे ते गप्प बसणं. शाळा सुटल्यावर घरात मीही तशीच बसले होते आणि सगळे म्हणाले होते, पोरगी शहाणी झाली.

मावशी करायची ते सगळं मी करत राहिले. कामावरून येताना पिशवीत पाला. खिडकी रस्त्याकडं, तिथं फळी ठोकून घेतली. सुकट लपवायची. माझ्या खोलीत सामान ते किती, तरी ते हलवायचं. तानी बघायची, पण जागची हलायची नाही. दिवाळी गेली. थंडी आली, हुरड्याचे दिवस आले. मावशी असती तर काय केलं असतं, हा प्रश्न मी मनात इतक्या वेळा विचारला की शेवटी तो विचारायचीही लाज वाटायला लागली.

आणि परवा संध्याकाळी मी भांडी घासत होते, तेव्हा मागं आवाज झाला. मला आधी कळलंच नाही. बारीक, घोगरा, गंजलेल्या कडीसारखा. वळून बघितलं तर तानी दाराच्या फटीला नाक लावून उभी. परत ओरडली. मग मोठ्यानं, मग तसंच, मर्यादा नसलेलं. माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं. तिला ते ऐकू आलं नाही.

शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. मी दार फटीएवढं उघडलं, पाय आडवा ठेवून.

"काय गं, काय झालं? भूक लागलीय का तिला?"

"नाही काकू. खाल्लंय तिनं."

"मग का रडतीय एवढी?"

"बाहेर जायचंय तिला."

"मग सोड ना बाई."

"सोडता येत नाही, काकू. बहिरी आहे ती."

"अगं बाई! मग आता काय करणार तू?"

"काही नाही," मी म्हणाले. "रोज याच वेळेला रडेल. सवय करा."